अंतरपाटाआडची उत्तरं

मीठ बरोबर आहे का, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी खालून हाक मारली, मी वरच्या खोलीतून उतरले, तळहातावर वरणाचा थेंब घेतला, चाटला आणि म्हटलं, "छान झालंय." बाई म्हणाल्या, "छान झालं का नाई ते नाई इचारलं. मीठ?" मी म्हटलं, "थोडं कमी वाटतंय." त्यांनी मान हलवली आणि मीठ काही घातलं नाही. मागच्या दाराने शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांच्याही तळहातावर थेंब. मग रस्त्याने भाजीची हातगाडी चालली होती, ती थांबवली. भाजीवाल्याने गाडी न सोडताच हात पुढे केला. त्याला सवय असावी. तिघांपैकी दोघांनी मीठ कमी म्हटलं, तेव्हा कुठे चिमूटभर मीठ वरणात पडलं. तोवर वरण गार झालं होतं.

हे आमच्या ओळखीच्या अगदी सुरुवातीचं. मी पवनीच्या एका शाळेत मराठी शिकवायला आले होते आणि बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. बाई जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, आणि आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचं पोर पाटी घेऊन बसावं. अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. मला आधी वाटलं, वयामुळे जिभेची चव गेली असेल. मग कळलं, हे मिठापुरतं नव्हतं. एसटी किती वाजता, हेही त्या तिघांना विचारायच्या. आणि तेही वेगवेगळं गाठून, एकाचं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. घरात तीन घड्याळं होती. दोन जुळली की तिसऱ्याचे काटे फिरवले जात. मी एकदा म्हटलं, "बाई, त्या दोघांचंच चुकलं असलं तर?" बाई विचारात पडल्या. "खरं हाय. मंग अजून दोन आणू," म्हणाल्या, आणि खरोखरच आणली. पाच घड्याळांच्या टिकटिकीत मी त्या घरात अनेक वर्षं काढली.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. शाळेतून किती वाजता निघालात, असं बाईंनी मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी शिपायाकडून कळलं की तोच प्रश्न त्यांनी त्यालाही विचारला होता. मी तणतणत खाली उतरले. बाई तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते घालत होत्या.

"माझ्यावर पाळत ठेवता का बाई तुम्ही?"

"बसा आधी. गरम हाय."

"मला नको. एवढा संशय होता तर खोली कशाला दिलीत?"

"संशय?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "संशय असता तं तुमाले इचारलं तरी कायले असतं? अवं मॅडम, एकाच माणसाच्या बोलण्यावर सारा भार टाकणं बरं नाई. उद्या त्याचं चुकलं, तं सारं त्याच्याच डोक्यावर येते. तिघं असले तं कोणाचीच मान मोडत नाई. हे मी तुमच्यासाठीच करून राहिली."

माझ्यासाठी! भांडायला गेलेली मी पोटभर आयते खाऊन वर आले. आणि अंथरुणावर पडल्या पडल्या पटलं की बाईंचं म्हणणं इतकंही वेडगळ नाही, याचाच मला जास्त राग आला.

त्यांच्या शाळेतल्या गोष्टी मला त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळल्या, आणि त्यांचे विद्यार्थी कुठेही भेटत: टपालात, दवाखान्यात, बसच्या स्टिअरिंगवर. परीक्षेच्या हॉलमध्ये बाई म्हणे कोणावर नजरच ठेवत नसत. खुर्चीत बसून स्वेटर विणत. कॉपी पकडली जायची ती पेपर तपासताना. "बरोबर उत्तर साऱ्यायचं सारखंच येते," त्या सांगायच्या, "पण चूक ज्याची त्याची असते. दोघायची चूक सारखी निंगाली, तं समजाचं एकानं डोकं चालवलं अन् एकानं मान." नुसत्या चुका पाहून कोण कोणाच्या मागे बसला होता हे त्या सांगू शकायच्या. अशी घरमालकीण असली की भाडेकरणीने थापा मारायची सोय राहत नाही.

बाईंचं घर विणकरांचं. वडिलांचे हातमाग होते. ते गेल्यावर माग मोडीत निघाले, विणकराने पाय सोडून बसायचे मागाखालचे खड्डे बुजले, आणि मागाच्या त्या लांबट खोलीत बाईंनी कॉम्प्युटर मांडले. शाळांनी आणि कचेऱ्यांनी टाकून दिलेले, जाड पाठीचे, चालू केले की चक्कीसारखे घरघरणारे. प्रत्येकावर वडिलांच्या हातच्या कापडाचं झाकण. निवृत्तीनंतर त्या पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकल्या होत्या, आणि त्यातही त्यांचं तेच. एक गणित तीन यंत्रांना घालायचं आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. वडिलांची एक गोष्ट त्या नेहमी सांगत. लुगडं विणून झालं की ते किनार स्वतः कधी तपासत नसत. शेजारच्या मागावरच्या माणसाला बोलावत, त्याला डोळे मिटायला लावत आणि बोटं फिरवायला सांगत. आपल्या हाताला आपल्या चुकीची सवय होऊन जाते, असं त्यांचं म्हणणं.

या यंत्रांना खरं काम मिळालं ते एका तलावामुळे. कोंढ्याच्या पुढे एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथे जुना मोठा तलाव, आणि पावसाने दगा दिला की धान निसवायच्या वेळी साऱ्या गावाचा जीव त्या तलावात. तलावाच्या बांधात पाणी सोडायचं दार असतं, त्याला तिकडे तुडुम म्हणतात. ते किती वेळ उघडायचं आणि कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी द्यायचं, यावरून दर वर्षी रणधुमाळी. ज्याचा आवाज मोठा, त्याचं धान हिरवं. याचं गणित करता येतं, पण ते सरळ नाही. पाणी किती आहे, गाळ किती, कोणती जमीन किती पिते, कोणती बांधी उंचावर. पाण्याच्या पाळ्या नाना तऱ्हांनी लावून बघायच्या आणि त्यातून शेवटच्या बांधीलाही पुरेल अशी एक काढायची. बाईंच्या यंत्राला सकाळी बसवलं तर दुपार व्हायची.

गणित जमलं तरी मुख्य अडचण राहिलीच. ते करणार कोण? वरच्या बांधीवाल्यांनी केलं तर खालचे म्हणणार, शिजवलं. खालच्यांनी केलं तर वरचे म्हणणार. एखाद्या साहेबाने केलं तर दोघं मिळून म्हणणार. गावाला हा मोठा पेच वाटत होता. बाईंना तो मिठाचाच प्रश्न वाटला.

त्यांनी विद्यार्थी गोळा केले. एक यंत्र पवनीत बाईंकडे. दुसरं कोंढ्याला, विनोदच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. तिसरं जवाहरनगरला, कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या क्वार्टरमध्ये. चौथं पलीकडच्या गावातल्या एका मास्तरांकडे. आणि पाचवं रत्नमालाकडे, तलावाच्याच गावात. रत्नमाला बाईंची लाडकी विद्यार्थिनी. लग्न होऊन त्या गावात गेलेली, आणि तिची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला. पाण्यात एक मोजपट्टी उभी केलेली होती. पाळी ठरवायच्या दिवशी रत्नमाला तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवी. ज्याने त्याने तो आपल्या डोळ्यांनी वाचायचा, आकडा आपल्या यंत्राला द्यायचा, आणि यंत्राचं उत्तर सगळ्यांपुढे ठेवायचं. पाचातली तीन जुळली की तेच खरं, तुडुम त्याप्रमाणे उघडणार. वर कोणी मुख्य नाही, कुठे कचेरी नाही, सही नाही, शिक्का नाही. एखाद्याच्या गावची लाइन गेली तरी बाकीचे काम ओढून नेत. बाई याला 'जाळं' म्हणत. नदीवरचे ढिवर त्यांना थांबवून विचारायचे, "बाई, आज काय लागलं जी जाळ्यात?"

"तुह्या पोराचे गणिताचे मार्क," बाई म्हणायच्या आणि पुढे चालू लागायच्या.

जाळ्यात कोण काम करतो आणि कोण नुसता बसतो, हे ओळखायची त्यांची एक खोड होती. मधूनच त्या एखादं जुनं गणित सोडत, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच असे. नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे बाकीच्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यात विनोद सापडला. त्याचं उत्तर यंत्राला दम लागायच्या आतच आलं, आणि ते मागल्या पाळीचं होतं. बाईंनी मला सोबत घेतलं आणि आम्ही दुपारच्या एसटीने कोंढ्याला जाऊन धडकलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. बाईंच्या कॉम्प्युटरवर कुठला तरी पिक्चर उतरत होता.

विनोदचा चेहरा पडला. "बाई, धंद्याचा टाइम होता जी. म्हटलं पाणी तं थोडंसंच उतरलं असन. मागचंच देऊन टाकलं. बरोबरच आलं असतं ना?"

"तुले उत्तर येते का नाई, हे मले पाहाचंच नाई गा. तू केलं का नाई, हे पाहाचं हाय."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि यंत्राचं काम पूर्ण होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. विनोदच्या डब्यातली भाजी-पोळी खाल्ली, एका गिऱ्हाइकाला त्याचा मोबाइल दुरुस्तीच्या लायकीचा राहिला नाही असं सांगून परत पाठवलं, आणि निघताना विनोदच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर विनोदने कधी कामचुकारपणा केला नाही. निदान तसला तरी नाही.

मग ते वर्ष आलं. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. धान निसवायला आलेलं, तलाव अर्ध्यावर. जाळ्यात पाच उत्तरं आली आणि पाचही जुळली, एकही वेगळं नाही. गावात पहिल्यांदाच कोणी भांडलं नाही. तुडुम उघडलं, ठरल्याप्रमाणे वरच्या बांध्या भिजल्या, मधल्या भिजल्या, आणि शेवटच्या बांध्यांची पाळी आली तेव्हा तलावात गाळ उरला होता. रत्नमालाचं धान उभं राहिलं ते नुसतं उभं राहायला. लोंब्या आल्या, दाणा भरलाच नाही.

बाई दिवसभर त्या मोजपट्टीच्या फोटोसमोर बसून होत्या. संध्याकाळी मला हाक मारली. "मॅडम, पाणी कुठवर हाय? बोट ठेवा." मी ठेवलं. मग वहिनींनी ठेवलं. मग भाजीवाल्याने. तिघांचंही बोट एकाच जागी पडलं, आणि ती जागा जाळ्याने धरलेल्या आकड्याच्या बरीच खाली होती. पट्टीवर गाळाची एक ओलसर रेघ होती, आधी पाणी जिथवर होतं तिथली. बाईंनी त्या रेघेलाच पाणी समजून आकडा वाचला होता.

"मोतीबिंदू," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "माह्यं चुकलं. पण पाचही जणायले मोतीबिंदू झाला का?"

पाच जणांची एकच चूक. आयुष्यभर पेपर तपासलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चौघांना घरी बोलावलं आणि मागाच्या खोलीत सतरंजीवर बसवलं. मिशा पिकायला लागलेली माणसं, पण बसली ती चौथीच्या वर्गासारखी.

"तुमचं उत्तर साऱ्यायच्या आधी येते, बाई," विनोद म्हणाला. "मी फोटो पाह्यला तं माह्यं वेगळं आलं. म्हटलं, आपणच चुकलो असन."

जवाहरनगरवाल्याला फोटो खराब वाटला होता. मास्तरांना स्वतःचा चष्मा. बाई रत्नमालाकडे वळल्या.

"अन् तू वं?"

"मी फोटो नाई पाह्यला, बाई. मीच तं काढला. घोट्याइतक्या पाण्यात उभी होती मी, पट्टीजवळ." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माह्यं उत्तर वेगळं होतं. मी टाकणारच होती. तेवढ्यात तुमचं दिसलं. तुमचं चुकलं असन, असं मनात आणाचीबी मले लाज वाटली. मंग माह्यं खोडलं अन् तुमचं लिवलं."

जिने जन्मभर कॉपीचा पिच्छा पुरवला, तिचीच चौघांनी कॉपी केली होती, आणि तीही मायेपोटी. जिचं धान वाळणार होतं तिनेसुद्धा. मला भरून आलं. बाईंना मात्र राग आला.

"मायेनं पीक येते का रे?" त्या कडाडल्या. "सारा भार माह्या एकटीवर टाकला तुमी. पाच मशीना कायले ठेवल्या मंग? पाच आरसे ठेवले असते भिताडाले!" मग आवाज एकदम उतरला. "मलेच पाहाचं होतं तं माह्या फोटो लावून घ्याचा होता घरी."

उठता उठता रत्नमाला एवढंच सांगून गेली, की घरचे म्हणताहेत, पुढच्या सालीही पाणी नाही पोचलं तर शेती दिराच्या स्वाधीन करायची आणि नवऱ्यासोबत नागपूरला बांधकामावर जायचं. "मले नाई जाचं बाई," ती म्हणाली, आणि झपझप निघून गेली. त्या रात्री बाईंनी वरणाचं मीठ कोणाला विचारलं नाही. वरण खारट झालं होतं. आम्ही दोघींनी ते मुकाट्याने संपवलं.

मी त्यांना सरळ सुचवलं, की बाई, तुम्ही आता यातून बाजूला व्हा. तुमचा आकडा नसला तर कोणी त्याची नक्कल करणार नाही.

"म्हणजे चुकणारा माणूस काढून टाकाचा?" बाई म्हणाल्या. "आज मी. उद्या इनोद चुकला तं तो. परवा मास्तर. मंग जाळ्यात राह्यते कोण? मॅडम, कोणी चुकतच नसन तं एकच मशीन पुरते. चुकणाऱ्या माणसाले धरून जे बरोबर चालते, ते जाळं. मी नाई निंगत."

त्या हट्टाने उन्हाळा काढला. एका डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि डोळ्यावर पट्टी असतानाही दुसऱ्या डोळ्याने प्रोग्राम पाहत बसायच्या. डॉक्टरांना तुमचं नाव सांगेन अशी मी धमकी दिली, तर म्हणाल्या, "सांगा. मी दुसऱ्या दोघा डाक्टरले इचारीन." प्रश्न त्यांच्या लेखी अगदी सोपा होता: पाचही उत्तरं येईपर्यंत कोणाचंही कोणाला दिसता कामा नये. पण आधी कोणी तरी पाठवणारच, आणि शेवटचा म्हणू शकणार की माझं आधीच तयार होतं. मग करायचं काय?

ते सुचलं एका लग्नात. भर उन्हात मांडव, आम्ही अक्षता घेऊन उभ्या, नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं जोरात. आणि सावधानच्या आधीच बाई केवढ्याने तरी ओरडल्या, "अंतरपाट!" भटजी गप्प. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाला वाटलं आपल्या हातून सुटला, त्याने तो दचकून डोक्यापर्यंत उचलला. नवरीच्या मामाने आमच्याकडे असं पाहिलं की मी न जेवताच निघायच्या तयारीला लागले. बाई मात्र हसत होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मागाच्या खोलीत पुन्हा सतरंजी पडली. "लग्नात अंतरपाट कायले धरतेत?" बाईंनी विचारलं. "दोघं समोरासमोर उभे असतेत, पण एकाले दुसरा दिसत नाई. वेळ झाली की पाट खाली. मंग कोणाले बदलता येत नाई. आपण उत्तरायले अंतरपाट धरू. आधी उत्तर पाठवाचंच नाई. उत्तराच्या अंगठ्याचा ठसा पाठवाचा."

"उत्तराले अंगठा कुठून आला जी?" विनोद म्हणाला.

"मशीन काढते. ठशावरून माणूस बनवता येते का? नाई येत. पण माणूस समोर उभा केला तं ठसा जुळवता येते. तसंच हाय हे. पाचही ठसे आले की अंतरपाट खाली, साऱ्यायनं आपलं उत्तर उघडं कराचं. ज्याचं उत्तर आपल्याच ठशाशी जुळलं नाई, त्यानं मधात बदललं. ते बाद."

जवाहरनगरवाला हुशार. तो म्हणाला, "बाई, पण उत्तरं इनमिन थोडी. कोणी साऱ्या आकड्यायचे ठसे काढून पाह्यले तं त्याले समजन. त्याच्यात काही तरी आलतूफालतू अक्षरं मिसळा लागते. कॉम्प्युटरवाले त्याले मीठच म्हणतेत."

बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांनी आमच्या स्वयंपाकघरातून ही गोष्ट उचलली असावी.

त्यांनी आणखी एक नियम घातला. ज्याचं उत्तर वेगळं निघेल, त्याला बाकीच्यांपैकी कोणी तरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की तुझं चुकलं. तोवर तुडुम उघडायचं नाही. मला हा नियम उगाच वाटला. यंत्रांनी ठरवलंय, मग तोंडाचं काय काम? "हात बांधले तरी डोळे चोरता येतेत मॅडम," बाई म्हणाल्या. "मशीनले भीड नसते. माणसाले असते. ती मोडा लागते."

पुढच्या साली पाऊस पुन्हा ऐन वेळी दडी मारून बसला. गावातले काही जण उघड बोलू लागले होते, की बाईच्या जाळ्यापेक्षा आरडाओरडा बरा. रत्नमालाच्या घरी सामानाच्या गोण्या काढून ठेवल्याची बातमी विनोदने आणली. पाळी ठरायच्या दिवशी मी रजा टाकली. माझं तिथे काही काम नव्हतं, पण वर्गात समास शिकवत बसायची माझ्यात ताकद नव्हती.

फोटो आला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला, आकडा टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. यंत्र घरघरत राहिलं. एकेक ठसा येत गेला. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या लांबलचक ओळी, कोणाला काही कळू नये अशा. दुपारी पाचवा आला आणि अंतरपाट खाली पडला. चार उत्तरं सारखी होती. एक वेगळं होतं, पाणी जास्त सांगणारं. त्यापुढे नाव होतं बाईंचं.

क्षणभर मला वाटलं, पोरांची परीक्षा घ्यायला बाईंनी मुद्दाम चुकवलं असेल. तसं नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलून त्या आपल्या आकड्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि बाईंना दोन्हींनी पाहायची घाई होती.

आता कोणी तरी फोन करायला हवा होता. कोणी करेना. मोबाइलवरच्या जाळ्याच्या ग्रुपवर विनोदने काही तरी लिहायला घेतलं आणि पुसलं. मास्तर ग्रुपवर दिसले आणि लगेच गेले. तिकडे तलावावर लोक जमलेले, तुडुम बंद, ऊन धानाला खात असलेलं. मला राहवेना. "बाई, मीच म्हणू का, तुमचं चुकलं?"

"तुमी जाळ्यात नाई."

"मग तुम्हीच त्यांना सांगा, उघडा म्हणून."

"मी नाई सांगणार," बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "आज मी सांगतलं, तं उद्या माह्या मेल्यावर कोण सांगन?"

फोन वाजला. रत्नमाला होती. मागे वारा आणि माणसांचा गलका.

"बाई, जेवल्या का जी?"

"रत्ने, तुडुम बंद हाय ना?"

"हो जी."

"मंग जेवणाचं कायले इचारून राहिली?"

मग ती म्हणाली, "बाई, ते... तुमचं..."

"आयकू नाई येत."

"तुमचं उत्तर चुकलं, बाई!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मागचा गलका थांबला. "मी पाण्यात उभी हाय. पाणी तुमच्या आकड्याच्या खाली हाय. आमचं बरोबर हाय अन् तुमचं चुकलं!"

बाईंनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, झालेल्या आणि न झालेल्या. पण आवाज निघाला तो हातात खडू असतानाचा.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बस खाली."

तुडुम उघडलं, आणि त्या पाळीत पाणी शेवटच्या बांधीपर्यंत गेलं. दिवाळीनंतर रत्नमाला नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली, तेव्हा बाई आत यंत्रापाशी होत्या. मी तिला हळूच विचारलं, बाई फोनवर बस खाली म्हणाल्या, तेव्हा तुला काय वाटलं गं?

"वाटाचं काय मॅडम?" ती म्हणाली. "मी बसली ना. तिथंच, पाण्यात, साऱ्या गावासमोर."